पैनगंगा चुनखडक (राजुरा परिसर)

चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा–कोरपना भागात उघडा पडलेला प्राचीन सागरी खडक. कोकणात हरिहरेश्वरला आजच्या लाटांनी कोरलेले कडे पाहायला मिळतात, येथे मात्र प्रोटेरोझोइक काळातील (सु. 250 ते 54 कोटी वर्षांपूर्वी) समुद्राचा तळच पायाखाली असतो. नाल्यांच्या काठी राखी-गुलाबी छटांचे पातळ थर वहीच्या पानांसारखे एकावर एक दिसतात. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब पडताच दगड फसफसतो. शंख-शिंपले मात्र शोधू नयेत. कवचधारी प्राणी तेव्हा उत्क्रांतच झाले नव्हते, आणि या खडकाचे खरे नवल तेच आहे.

पुढे फार मोठ्या काळानंतर गोंडवनी थर साचले (सास्तीचा कोळसा त्यांतलाच), आणि त्यानंतर दख्खनचा लाव्हा पसरला. गडचांदूर, आवारपूर येथील सिमेंट उद्योग याच चुनखडकावर उभा आहे. उत्खननाचा वेग पाहता अभ्यासासाठी काही नैसर्गिक छेद राखून ठेवणे निकडीचे आहे. बल्लारपूरहून वर्धा नदी ओलांडून राजुऱ्याला जाता येते. खाणपट्ट्यांत परवानगीशिवाय शिरू नये. पावसाळ्यात नाल्यांचे काठ टाळावेत.