कडुनाचे इमाम आणि पाद्री

दंगल झाली की आपण आकडे मोजतो. दंगल थांबवणाऱ्यांची नावं मात्र लक्षात राहत नाहीत. आज अशाच दोघांबद्दल लिहितोय.

नायजेरियाच्या उत्तरेला कडुना नावाचं राज्य आहे. 1992 साली तिथल्या झांगोन कताफ गावात बाजार कुठे भरवायचा यावरून वाद पेटला. भांडण बाजाराचं, पण एका बाजूला मुस्लिम हौसा, दुसऱ्या बाजूला ख्रिश्चन कताफ. बघता बघता ते धर्माचं झालं आणि कडुना शहरापर्यंत पोचलं. त्यात जेम्स वुये या ख्रिश्चन तरुणांच्या पुढाऱ्याचा उजवा हात गेला. मुहम्मद अशाफा या मुस्लिम तरुणांच्या पुढाऱ्याचे गुरू आणि दोन चुलतभाऊ मारले गेले. दोघंही सूड घ्यायला टपलेले.

1995 साली एका बैठकीत एका पत्रकाराने या दोघांचे हात एकमेकांच्या हातात दिले. आपल्या धंद्यातला माणूस, म्हणून मला याचं विशेष वाटतं. अशाफांचं मन त्याआधीच हललं होतं. ताइफमध्ये लोकांनी दगड मारले तरी पैगंबरांनी त्यांना माफ केलं, हा प्रसंग त्यांनी जुम्म्याच्या प्रवचनात ऐकला होता. वुये यांच्या आई आजारी पडल्या तेव्हा ते भेटायलाही गेले. वुये यांना जास्त वेळ लागला. प्रवासात एका खोलीत झोपताना उशीने अशाफांचा जीव घ्यावा असं मनात यायचं, हे त्यांनी पुढे स्वतःच जाहीर सांगितलं.

त्याच वर्षी दोघांनी मिळून मध्यस्थी केंद्र काढलं. पद्धत साधी. आधी दोन्ही बाजूंच्या प्रमुखांना वेगवेगळं भेटायचं, राग ओकू द्यायचा. मग एकत्र बसवायचं. पाद्री बायबलमधून बोलणार, इमाम कुराणातून. कायद्याच्या भाषेला न बधणारा माणूस स्वतःच्या धर्मग्रंथापुढे थांबतो, हा त्यांचा अनुभव. 2004 साली प्लॅटो राज्यातल्या येल्वा गावात आधी चर्चमध्ये ख्रिश्चन मारले गेले, मग मे महिन्यात शेकडो मुस्लिम. तिथे दोघांनी दोन्ही समाजांना बसवलं आणि फेब्रुवारी 2005 मध्ये समझोता झाला.

सगळं गोड झालं असं नाही हं. 2000 साली शरियाच्या प्रश्नावर कडुना पुन्हा पेटलं. ऑगस्ट 2002 मध्ये 22 धर्मगुरूंनी शांततेच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या, आणि तीनच महिन्यांत मिस वर्ल्ड स्पर्धेबद्दलच्या वर्तमानपत्रातल्या एका मजकुरावरून 200 च्या वर माणसं मेली. हात जुळवणारा पत्रकार आणि आग लागायला कारण ठरलेला मजकूर, दोन्ही एकाच शहराच्या इतिहासात आहेत.

आपल्याकडे सणाच्या तोंडावर पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. चहा-बिस्किटं, फोटो, दुसऱ्या दिवशी बातमी. मीही तीच बातमी करतो. पण भिवंडीत पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या वर्षभर चालवल्या, म्हणून 1992-93 ला मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. कडुनाच्या त्या दोघांचंही काम दंगल नसतानाच्या दिवसांत जास्त चालतं.

म्हणून विचारतो, आपल्या गावातले मौलाना, फादर, महाराज सण नसताना शेवटचे एकत्र कधी बसले होते? माहीत असेल तर कमेंटमध्ये सांगा. बातमी मी करतो.