ताम्रपटावरील चेहरा

कोल्हापूरच्या इतिहासाला ताम्रपट अपरिचित नाही. शिलाहार राजांची दाने तांब्याच्या पत्र्यांवर कोरली गेली, म्हणूनच ती आजही वाचता येतात. एकोणिसाव्या शतकात युरोपातील वास्तववादी चित्रकारांनी त्याच धातूवर माणसाचा चेहरा उतरविला. या कलेस एचिंग अर्थात अम्लरेखन म्हणतात.

तिची रीत अशी : तांब्याचा पत्रा घासून लख्ख करावयाचा, त्यावर मेण व राळ यांचा पातळ लेप द्यावयाचा, तो धुराने काळा करावयाचा आणि सुईने रेखाटन करावयाचे. सुई केवळ लेप खरवडते. तांबे खाते ते तेजाब. कपाळावरील फिकट रेषा पुरेशा उमटल्या की त्या रोगणाने झाकतात व पत्रा पुन्हा तेजाबात बुडवितात. डोळ्यांतील व दाढीतील काळोख असा टप्प्याटप्प्याने खोल होतो. वेळेचा अंदाज चुकला तर तरुण चेहरा म्हातारा दिसू लागतो. शेवटी खाचांत शाई भरून, वरची पुसून, ओलसर कागदावर दाबयंत्राने ठसा घेतात.

पॅरिसमध्ये १८६२ साली अम्लरेखनकारांची संस्था स्थापन झाली आणि या कलेस नवे चैतन्य लाभले. तिच्यातील आल्फाँस लग्रो (१८३७–१९११) पुढे लंडनला स्थायिक झाले. कार्डिनल मॅनिंग यांची मुद्रा त्यांनी रेखाटली, तशीच भिकाऱ्यांची व भटक्यांचीही. दानपत्रात प्रामुख्याने दात्याचे व दानाच्या धन्याचे नाव येई. येथे माणूस असणे पुरेसे होते.

मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत १८८० च्या दशकात शिकून आबालाल रहिमान कोल्हापुरास परतले व पुढे शाहू महाराजांच्या दरबारचे चित्रकार झाले. छायाप्रकाशाची पाश्चात्त्य शिस्त त्यांनी आत्मसात केली होती. परंतु रंगविलेले चित्र एकुलते एक असते. पत्र्यावरून अनेक ठसे निघतात. एक हरवला तरी दुसरा उरतो. आबालाल १९३१ साली निवर्तले, आणि त्यांच्या विपुल निर्मितीपैकी बराच भाग आज उपलब्ध नाही.

आपल्या जुन्या घरांतून, वाड्यांतून आजही पूर्वजांची व्यक्तिचित्रे टांगलेली असतात. त्यांखाली नाव नसते. ते ठाऊक असलेली वडीलधारी मंडळी एकेक करून निघून जात आहेत. नाव लिहून, छायाचित्र काढून ठेवणे एवढे तरी आपण करावे. शिलाहारांनी दानासाठी जी काळजी घेतली, ती माणसासाठी घेणे अधिक अगत्याचे नव्हे काय?