मत्स्यविनोद : गळाचा दख्खनी इतिहास

कोल्हापूरच्या शिकारीचा विषय निघाला की संस्थानकाळातला शिकारखाना आठवतो. काळविटांवर सोडले जाणारे चित्ते आणि ते सांभाळणारी मुस्लिम चित्तेवान घराणी आठवतात. साठमारीच्या गोष्टीही अजून सांगितल्या जातात. माशांच्या शिकारीला मात्र या आठवणींत जागा नाही. गळ टाकून बसणे म्हणजे रिकामटेकडेपणा, असाच आपला समज. तिला ‘खेळ’ म्हणून मान मिळतो तोही बहुधा इंग्रजांच्या नावावर.

या खेळाचे सर्वांत नावाजलेले रूप म्हणजे ‘फ्लाय फिशिंग’. पिसे आणि रंगीत धागे गुंडाळून गळाला माशीचे किंवा किड्याचे रूप द्यायचे. ही खोटी माशी इतकी हलकी असते की ती एकटी लांब फेकता येत नाही. म्हणून दोरीच वजनदार घेतात आणि काठीच्या झोक्याने ती पाण्यावर सोडतात. इंग्लंडमध्ये 1496 साली छापलेल्या एका पुस्तिकेत अशा 12 माश्यांची वर्णने आहेत. त्याच्याही कितीतरी आधी, इसवी सन 200 च्या सुमारास, एलियन या रोमन लेखकाने मॅसेडोनियातल्या कोळ्यांची युक्ती नोंदवली आहे. ते गळाला लाल लोकर गुंडाळत आणि कोंबड्याची दोन पिसे बांधत. म्हणजे साहेबांच्या या छंदाचे मूळही साध्या कोळ्यांच्या हातात होते.

चालुक्य राजाचा ‘मत्स्यविनोद’

दख्खनमध्ये गळाच्या मासेमारीवर तपशीलवार लेखन झाले ते बाराव्या शतकात. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 1129 च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. कोल्हापूरचे शिलाहार तेव्हा चालुक्यांचे मांडलिक होते. शिलाहार राजा गंडरादित्य हा सोमेश्वराचा समकालीन. त्याने मिरज प्रांतात ‘गंडसमुद्र’ तलाव खोदवून त्याच्या काठी शिव, बुद्ध आणि जिन या तिघांची देवालये उभारली, अशी नोंद शिलालेखात आहे.

मराठी अभ्यासकांना ‘मानसोल्लास’ ओळखीचा आहे तो त्यातल्या जुन्या मराठी गीतांमुळे आणि महाराष्ट्रातल्या बाया कांडताना ओव्या गातात या उल्लेखामुळे. त्याच ग्रंथात राजाच्या 20 विनोदांची, म्हणजे करमणुकीच्या प्रकारांची, माहिती आहे. हत्ती-घोड्यांचे खेळ, मल्लविद्या, गाणे-बजावणे यांच्या पंगतीत ‘मत्स्यविनोद’ बसला आहे. तालमीच्या कोल्हापूरकराला ही यादी परकी वाटू नये.

या प्रकरणात सुमारे 35 प्रकारच्या माशांची नावे येतात. मासा समुद्रातला की नदीतला, खवल्यांचा की बिनखवल्यांचा, मोठा, मध्यम की लहान, अशी वर्गवारी येते. कोणाला कोणता चारा घालावा, काठी, दोरी आणि गळ कसे असावेत, हेही राजा सांगतो. पिसांच्या माशीचा उल्लेख त्यात नाही. पण चारा घालून माशाला एका जागेची सवय लावणे, त्याची ओढ दोरीवर ओळखणे हे शास्त्र इंग्रजी पुस्तिकेच्या साडेतीन शतके आधीचे आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी 1951 मध्ये या प्रकरणावर अभ्यासलेख लिहिला. कुस्तीच्या इतिहासात ‘मानसोल्लास’चा दाखला सहज दिला जातो, माशांचे प्रकरण मात्र अभ्यासकांपुरतेच राहिले.

मोत्यांची नथ आणि मराठी नाव

हिंदुस्तानात गळाच्या शिकाऱ्यांचा सर्वांत लाडका मासा म्हणजे महासीर. या नावाची फोड कोणी फारसी ‘माही’ म्हणजे मासा आणि ‘शेर’ अशी करतात, कोणी संस्कृत ‘महाशिरस्’कडे बोट दाखवतात. वाद मिटलेला नाही, पण दोन्ही भाषांनी त्याच्यावर हक्क सांगावा यातच त्याचा रुबाब दिसतो. बादशहा जहांगीरने 1607 मध्ये काबूलच्या वाटेवर हसन अब्दाल इथे जाळ्याने मासे धरले आणि दहा-बारा माशांच्या नाकात मोती ओवून त्यांना पुन्हा पाण्यात सोडले. त्याने स्वतःच हे आत्मचरित्रात लिहिले आहे. पकडलेला मासा जिवंत सोडून देणे हा आज या खेळाचा शिष्टाचार मानला जातो.

दख्खनच्या महासीरचे शास्त्रीय नाव ‘टॉर खुद्री’. कंपनी सरकारचा अधिकारी विल्यम साइक्स याने 1839 मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून ते दिले. इथल्या माशांना त्याने ‘खुद्री’, ‘कोलुस’, ‘नुक्ता’ अशी स्थानिक नावेच ठेवली. ती नावे कोळ्या-भोयांच्या तोंडची. शास्त्रात साइक्सचे नाव राहिले, नावे सांगणाऱ्यांचे राहिले नाही. पुढे 1873 मध्ये हेन्री सलिव्हन थॉमस याने हिंदुस्तानातल्या गळाच्या शिकारीवर पुस्तक लिहिले, आणि साहेबांचा महासीर आणखी प्रसिद्ध झाला. सुरुंग आणि विष वापरून मासे मारणे 1897 च्या कायद्याने गुन्हा ठरले.

नदी कुणाची?

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांच्या पाण्यातून प्रयाग चिखलीला पंचगंगा होते आणि नरसोबाच्या वाडीला ती कृष्णेला मिळते. पहिल्या पावसात लाल पाण्याविरुद्ध वर निघालेले चढणीचे मासे घाटाखालच्या प्रत्येक गावाला माहीत आहेत. महासीरही असाच, अंडी घालायला वरच्या वाहत्या, स्वच्छ पाण्याकडे जातो. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे पावसाळ्यात काढतात, त्यामुळे तेव्हा तरी वाट मोकळी असते. मोठ्या धरणाच्या भिंतीला ती सोय नाही. पावसाळा संपला की बरगे बसतात, पाणी थांबते आणि त्यात शहरांचे सांडपाणी व कारखान्यांची मळी मिसळली की मासा गुदमरतो. शिरोळ तालुक्यात तेरवाड बंधाऱ्यापाशी मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या वारंवार येतात. दोन दिवस चर्चा होते आणि विषय संपतो.

मासा वाचवता येतो, हे महाराष्ट्रानेच दाखवले आहे. महाडजवळ सावित्री नदीवरच्या वाळणकोंडीत वरदायिनी देवीच्या श्रद्धेपोटी लोक महासीर धरत नाहीत. लोणावळ्याला टाटा पॉवरच्या केंद्रात 1970 च्या दशकापासून त्याची पैदास होते. पण पैदास केलेल्या पिल्लालाही सोडायला जिवंत नदी लागते.

संस्कृतात राजाने, फारसीत बादशहाने आणि इंग्रजीत अधिकाऱ्याने या विषयावर लिहिले. ज्यांच्या हातात काठी आणि जाळे होते त्यांचे ज्ञान तोंडीच राहिले. कोणत्या डोहात कोणता मासा असे, तो कधी चढे, त्याला काय म्हणत, हे सांगणारे वयस्कर भोई आणि कोळी पंचगंगेकाठी अजून आहेत. त्यांच्याकडून ही माहिती आताच लिहून घेतली पाहिजे. नदीत पूर्वी काय होते हे कागदावर आले, तरच आपण काय गमावतो आहोत हे जबाबदार यंत्रणांना पुराव्यानिशी विचारता येईल.