हार्वी पीकर ‘स्वतंत्र’ होता, पण कशापासून?

माझ्या प्रकरणाच्या पहिल्या खर्ड्यात एक वाक्य होतं: ‘हार्वी पीकर हा पूर्णपणे स्वतंत्र कॉमिक्सकार होता.’ गाईडनी बाजूला पेन्सिलीने एवढंच लिहिलं: ‘मग घर कशावर चालायचं?’ त्या एका प्रश्नामुळे मला अख्खं प्रकरण नव्याने लिहावं लागलं.

आधी माहिती बघू. पीकर १९३९ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात जन्मला. आईवडील पोलंडहून आलेले ज्यू, वडिलांचं छोटं किराणा दुकान. १९६२ मध्ये चित्रकार रॉबर्ट क्रम्बशी ओळख झाली. दोघांनाही जॅझच्या जुन्या रेकॉर्ड जमवायचा नाद. क्रम्बची कॉमिक्स पाहून पीकरला वाटलं, इथे साध्या माणसाचं रोजचं जगणं का येऊ नये? १९७६ मध्ये त्याने ‘अमेरिकन स्प्लेंडर’चा पहिला अंक स्वतः छापला. विषय काय, तर दुकानातली रांग, ऑफिसातल्या गप्पा, रेकॉर्डचं व्यसन. पहिले १५ अंक त्याने स्वतःच काढले.

आता गाईडच्या प्रश्नाकडे येऊ. पीकर माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयात फाइल क्लार्क होता. पुस्तकं निघाली, १९८७ मध्ये अमेरिकन बुक अवॉर्ड मिळालं, तरी त्याने नोकरी सोडली नाही. २००१ मध्ये तिथूनच निवृत्त झाला. म्हणजे अंक खपला नाही तरी चूल पेटायची. १९८८ मध्ये एनबीसी वाहिनीवर डेव्हिड लेटरमनच्या कार्यक्रमात त्याने वाहिनीच्या मालक कंपनीवर, जनरल इलेक्ट्रिकवर, तोंडावर टीका केली. या धाडसामागे स्वभाव होताच. पण त्याची भाकरी त्या वाहिनीवर अवलंबून नव्हती, हेही विसरून चालणार नाही.

शिवाय नोकरीने फक्त पगार दिला असं नाही. सहकारी हीच त्याची पात्रं झाली. आणि तो एकटाही नव्हता. त्याला चित्रं काढता येत नसत. तो चौकटींत काड्यांची माणसं नि संवाद मांडायचा, पुढचं काम क्रम्ब, गॅरी डम यांच्यासारखे चित्रकार करायचे.

मग पीकर स्वतंत्र नव्हता का? होता. प्रकाशकापासून होता, बाजाराच्या आवडीपासूनही बराचसा होता. पगारापासून नव्हता, चित्रकारांपासून तर नव्हताच. यात त्याचा मोठेपणा कमी होत नाही. उलट तो कसा शक्य झाला ते कळतं.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांनो, ‘स्वतंत्र’, ‘बंडखोर’, ‘एकहाती’ असे शब्द आपल्या आराखड्यात सहज येतात. अशा प्रत्येक शब्दापुढे तीन प्रश्न लिहून ठेवा: कशापासून? कोणाच्या पैशावर? कोणाच्या हातांनी? उत्तरं शोधायला लागलात, की कौतुकाचा लेख मागे पडतो आणि इतिहास सुरू होतो.