छत्तीस गुणी जोडा

लग्न जमवणं हा आमच्या घराण्याचा जुना छंद. आजीने गावातली निम्मी लग्नं जमवली, उरलेली आत्याने. माझा सल्ला कोणी विचारत नाही, म्हणून मी कॅमेऱ्यांची लग्नं फिल्मशी जमवतो. बँकेतून सुटलं की हाच उद्योग!

वाचकहो, हसू नका. या खात्यातही पत्रिका पाहावी लागते. पस्तीस मिलिमीटरच्या रोलवर फोटो निघतात छत्तीस आणि फ्रेमची लांबीही छत्तीसच मिलिमीटर. ब्रह्मदेवाने याहून स्पष्ट काय सांगावं?

सुरुवातीला निवडीची भानगडच नव्हती. १८८८ साली जॉर्ज ईस्टमनने कोडक कॅमेरा काढला, तो शंभर फोटोंची फिल्म पोटात घेऊनच. शंभर संपले की कॅमेराच कारखान्यात धाडायचा. तिथून तो नवी फिल्म भरून परत यायचा. म्हणजे मुलगी माहेरी निघाली, तीही नवऱ्याला सोबत घेऊन! दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली विलायतेहून विल्यमसन कॅमेरा आणला, पण कच्च्या फिल्मला भोकं नव्हती. ती सरस्वतीबाई अंधारात बसून यंत्राने पाडत. आमची ही मात्र मी बाथरूममध्ये रोल धुवायला बसलो की नेमका बाहेरून दिवा लावते.

पुढे १९२५ साली लायका बाजारात आला आणि सिनेमाची फिल्म साध्या फोटोंच्या घरी नांदू लागली. १९५४ साल तर लग्नसराईचंच! लायका एम-थ्री आणि पस्तीस मिलिमीटरची ट्राय-एक्स, दोघं एकाच वर्षी मांडवात. बातमीदारांनी ही जोडी जगभर फिरवली. कोडाक्रोमची कथा मात्र डोळ्यांत पाणी आणणारी. १९३५ साली जन्मली, २००९ साली कंपनीने बंद केली. कारखान्यातला शेवटचा रोल स्टीव्ह मॅककरीने निकॉनमध्ये भरला. फोटो किती? छत्तीस! त्यातले काही त्याने आपल्या मुंबईत काढले. मी एका रोलमधले निम्मे फोटो तर लेन्सवर टोपण ठेवूनच काढतो.

आता आमच्या घरचं कार्य. वडिलांचा आग्फा क्लिक-थ्री मी जपून ठेवलाय. बडोद्याला बनलेला, रोलमागे बारा फोटो, शटरचा वेग एकच आणि तोही सरकारी. आईचं सहस्रचंद्रदर्शन ठरलं, तेव्हा म्हटलं, या कॅमेऱ्याला स्थळ तोलामोलाचं हवं. म्हणून वेल्विया आणली. रंगाने उजळ, नावाजलेली, महाग. एवढंच पाहिलं, स्वभाव पाहिला नाही. स्लाइड फिल्म मानी असते. उजेड अर्ध्या स्टॉपने चुकला तरी रुसते. शिवाय वेल्वियाचा वेग पन्नास, म्हणजे तिला लखलखीत ऊन हवं. आणि आमचा कार्यक्रम हॉलमध्ये, दोन ट्यूबलाइटखाली. दोघांत छत्तीस गुण कुठले, छत्तीसचा आकडा होता!

रोल धुऊन आला. बाराही चौकटी काळ्याकुट्ट. आईने एक उजेडाकडे धरली आणि म्हणाली, "हजार चंद्र पाहिले रे मी, पण तुला नेमकी अमावास्या सापडली?"

मी म्हटलं, "मुलांनी मोबाइलवर चारशे फोटो काढलेत की."

"ते असू देत. मला ह्यांच्या कॅमेऱ्यातला हवा होता."

यावर कॉमर्सच्या पदवीत उत्तर नाही. कर्ज बुडालं तर बुडीत खात्यात टाकता येतं, हे कुठे टाकणार?

मग मी आजीच्या पद्धतीने स्थळ शोधलं. दिसायला साधी, घराणं जुनं, स्वभाव सोशिक. इल्फर्डची एचपी-फाइव्ह प्लस, वेग चारशे. काळीपांढरी निगेटिव्ह फिल्म उजेड स्टॉप-दीड स्टॉप जास्त झाला तरी पोटात घालते, आणि आमच्या कॅमेऱ्याला असंच माणूस लागतं. आईला अंगणात पारिजातकाच्या सावलीत बसवलं. श्वास रोखला. बारा वेळा खटका दाबला.

चार हलले. तीनमध्ये माझा अंगठा आहे. चारांत आई "झालं का रे?" विचारते आहे. उरलेल्या एकात ती हसते आहे. तो तिने देवघराशेजारी, वडिलांच्या तसबिरीसमोर लावला. म्हणाली, "पदर नीट नाही आला, पण असू दे."

थोडक्यात, गुण जेमतेम अठराच जुळले. पण आमच्या घरात लग्नं तेवढ्यावरच झाली आहेत, आणि टिकलीही आहेत.