सुई उचलणारा हात

‘डीजे’ हा शब्द आज आपण कसा वापरतो, ते जरा आठवून पाहा. ‘वरातीला डीजे आणलाय’, ‘रात्रभर डीजे चालू होता’, ‘पोलिसांनी डीजे जप्त केला’. आता माणूस काही जप्त होत नाही. जप्त होतात ती टेम्पोवर रचलेली खोकी. पण मूळ शब्द माणसाचाच. डिस्क जॉकी, म्हणजे तबकडीवर स्वार होणारा. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या रेडिओवर रेकॉर्डी लावणाऱ्या निवेदकांना हे नाव पडलं. आपल्याकडे आधी डिस्क गेली, मग जॉकी गेला, आणि शिल्लक राहिली ती आवाजाची भिंत. हे कसं घडलं, ते मी घरातूनच पाहिलं आहे.

माझ्या मामूंचं अंबरनाथला लाउडस्पीकरचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन फळ्यांची खोली. आत एक अ‍ॅम्प्लिफायर, चार कर्णे, वायरींची भेंडोळी आणि रेकॉर्डींच्या पत्र्याच्या पेट्या. पंचक्रोशी त्यांना ‘रेकॉर्डवाला’ म्हणून ओळखायची. १९७८ साली मी दहा वर्षांचा होतो आणि पेटीचं एक कडं धरायला माझी नेमणूक झाली होती. दुसरं कडं मामूंच्या हातात असे.

रेकॉर्डींचा आपल्या देशातला इतिहास तेव्हाच पाऊणशे वर्षांचा झाला होता. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गेसबर्ग या साहेबानं कलकत्त्यात गौहर जान यांचा आवाज मुद्रित केला. त्या तबकड्या छापायला जर्मनीत हानोव्हरला पाठवल्या होत्या. १९०८ पासून त्या कलकत्त्यातच छापल्या जाऊ लागल्या. मिनिटाला ७८ फेरे घेणारी ती तबकडी लाखेची असे, आणि लाख तर आपल्याच छोटा नागपूरच्या जंगलातली. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं. पोलादी सुई एकदोन गाण्यांतच बोथट व्हायची, ती बदलायची. पुढे प्लास्टिकच्या रेकॉर्डी आल्या. लहान ४५ फेऱ्यांच्या, मोठ्या ३३ फेऱ्यांच्या. मामूंच्या पेटीत तिन्ही पिढ्या नांदत होत्या.

आणि काय काय नांदत होतं त्या पेटीत! आमचा मुलूखच तसा. कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि १९४९ साली तिचं उल्हासनगर झालं. तिथल्या लग्नांना मास्टर चंदर यांची सिंधी गाणी लागत. अंबरनाथला चौदा एप्रिलला भीमगीतं, बदलापूरकडच्या गावांत हळदीला लोकगीतं, काकड्याला अभंग, उरसाला कव्वाल्या. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज तर एकाच पेटीतून विठ्ठलासाठी, बाबासाहेबांसाठी आणि दर्ग्यासाठीही निघायचा. कुठल्या दारात काय लावायचं, कुणाच्या दारात काय लावायचं नाही, हे मामूंना तोंडपाठ. विम्को आणि ऑर्डनन्स फॅक्टरीतले रातपाळीचे कामगार दिवसा झोपलेले असत. त्या चाळींच्या बाजूचा कर्णा ते आठवणीनं फिरवून घेत.

मामूंजवळ रेकॉर्ड प्लेअर दोन होते. एकावर गाणं संपत आलं की दुसऱ्यावर सुई ठेवायची, मांडव मुका राहता कामा नये. पुढे वाचताना कळलं की ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात कूल हर्क नावाच्या तरुणानं बहिणीच्या पार्टीत असेच दोन प्लेअर शेजारी मांडले होते. एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घेऊन तो नाचण्याजोगा तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा लांबवी. जगभरच्या डीजेगिरीचा एक झरा तिथला. त्यासाठी यंत्रही सापडलं. जपानी टेक्निक्स कंपनीचा १९७२ चा एसएल-१२०० हा प्लेअर. त्यात मोटर पट्ट्यानं नव्हे, थेट तबकडीच्या थाळीलाच जोडलेली. हातानं थांबवा, मागे फिरवा, सोडताच ती चटकन आपला वेग धरी. मामूंना ब्राँक्स ठाऊक नव्हतं. पण सुई कुठे टेकवायची आणि कधी उचलायची, ही विद्या तीच.

उचलायची जास्त महत्त्वाची. अजान झाली, आरती सुरू झाली, रस्त्यावरून मयत निघाली, की मामूंची मान हले. ‘बेटा, सुई उचल.’ मी उचलायचो. अंतऱ्याच्या मधोमध गाणं थांबायचं आणि कुणी तक्रार करत नसे. भाबडेपणानं मी हे सांगत नाही. कर्ण्यांचा आवाज कर्कशच असे आणि दहावीच्या वर्षी त्याच आवाजापायी मी कानात कापूस घालून बसलो आहे. पण त्या आवाजामागे एक माणूस उभा होता आणि त्याचे कान उघडे होते.

मग रेकॉर्ड का हरली? महाग होती, जड होती, फुटायची, हे खरंच. फिलिप्सनं १९६३ साली आणलेली कॅसेट ऐंशीच्या दशकात आपल्याकडे स्वस्त झाली. गुलशनकुमारांच्या टी-सीरिजनं ती पानटपरीपर्यंत नेली. पीटर मॅन्युएल या अमेरिकन अभ्यासकानं उत्तर भारतातल्या या उलथापालथीवर १९९३ साली पुस्तकच लिहिलं. लहान गायकांना, बोलीतल्या गाण्यांना कॅसेटनं दार उघडलं, हे तिचं पुण्य विसरू नये. पण आमच्या धंद्यातलं खरं कारण वेगळंच होतं. रेकॉर्ड चालत्या गाडीवर वाजत नाही. हातगाडी खड्ड्यात गेली की सुई उडते. म्हणून रेकॉर्डवाला मांडवात बसून असे आणि वरातीत बँडवाले चालत. कॅसेटला धक्क्याची फिकीर नव्हती. ती गाडीवर चढली, रस्त्यावर आली, आणि मांडवातलं गाणं मिरवणुकीत गेलं. आजच्या भिंतीचा पाया तिथे घातला गेला, असं मला वाटतं.

१९९० साली मी नुकताच बीए झालो होतो. शिकलेला भाचा म्हणून माझ्या शब्दाला वजन होतं. मीच मामूंना म्हणालो, ‘हे ओझं काढून टाका, डबल डेक घ्या.’ उल्हासनगरच्या एका व्यापाऱ्यानं दोन्ही प्लेअर आणि बहुतेक रेकॉर्डी उचलल्या. रेकॉर्डी वजनावर गेल्या. मामू काही बोलले नाहीत. एक पेटी मात्र त्यांनी मागे ठेवली आणि ती माझ्या बदलापूरच्या घरी आणून ठेवली.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. १८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं त्यावर सविस्तर निकाल दिला. सुई उचलण्याचं काम आता कायद्याला करावं लागत होतं. आणि आठच दिवसांनी, २६ जुलैला, उल्हास नदी आमच्या घरात शिरली.

पाणी ओसरल्यावर मामू आले. पेटीतला चिखल त्यांनी स्वतः धुतला. अकरा रेकॉर्डी धड निघाल्या, पण मधले कागद विरघळून गेले होते. कुठली कुठली, काहीच कळेना. मामूंनी एकेक तबकडी खिडकीच्या उजेडात तिरकी धरली. रेषा कुठे दाट, कुठे विरळ, ते पाहत म्हणाले, ‘ही हळदीची. ही कव्वाली, बघ, इथे टाळ्या सुरू होतात.’ मी वहीत नावं लिहून घेतली. खरं-खोटं करायला घरात प्लेअर नव्हता. तो मीच विकायला लावला होता. २००९ साली मामू गेले.

जगातही तेच चाललं होतं. २००१ मध्ये पायोनिअरचा सीडीजे-१००० आला आणि सीडीही हातानं मागेपुढे फिरवता येऊ लागली. मग लॅपटॉप आले. २०१० साली टेक्निक्सनं एसएल-१२०० बंद केला. पण लोकांना करमेना. २०१६ मध्ये तो परत आला, आणि २०२२ साली अमेरिकेत रेकॉर्डींनी विक्रीच्या संख्येत सीडींना मागे टाकलं. १९८७ नंतर प्रथमच.

मामूंचा नातू आज बदलापूरला डीजे आहे. त्याच्या यंत्रावर दोन गोल थाळ्या आहेत, फिरतात, पण त्यांवर रेकॉर्ड नाही. नुसती आठवण. २०१९ साली त्यानं मुंबईच्या चोरबाजारातून जुना प्लेअर आणला आणि म्हणाला, ‘चाचा, ती वही काढा.’

आम्ही अकराही तबकड्या लावल्या. नऊ बरोबर निघाल्या. एक वाकडी झाल्यामुळे वाजलीच नाही. आणि एका ठिकाणी मामू चुकले होते. वहीत लिहिलं होतं अभंग, निघाली कव्वाली. आम्ही ती पूर्ण ऐकली. संपल्यावर सुई खरखरत राहिली. ती कुणी उचलायची, म्हणून आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत होतो.

(नभोवाणी भाषणाचं संपादित रूप)