ऐकणारा हात

सुरतेला येऊन मला चाळीस वर्षे होऊन गेली. आमचे मूळ गाव खानदेशातले, तापीच्या काठचे. नदी जिथे समुद्राला मिळते त्या गावी पोटासाठी यावे लागले, एवढाच काय तो आमचा प्रवास. उधना-लिंबायतच्या गल्ल्यांत आमची माणसे इतकी, की भाजीवाल्याशी गुजरातीत सुरू झालेले बोलणे अहिराणीत कधी शिरले ते कळत नाही. माझा भाचा इथल्या एका कापड कारखान्याच्या यंत्रखरेदीसाठी चीनला जाऊन येतो. दर खेपेला मुलांना खेळणी आणतो. एकदा त्याने एक विद्या आणली.

गच्चीवर समोर उभा राहून म्हणाला, "मामा, ढकला मला." तरुणपणी चार वर्षे तालमीची माती मी अंगाला लावलेली, मला हसूच आले. मनगटाला मनगट टेकवले आणि जोर लावला. त्याने अडवले नाही. दार लोटलेलेच आहे हे ठाऊक नसताना माणसाने खांद्याने धडक द्यावी, तशी माझी गत झाली. पुढे गेलेला तोल सावरायला मागे येतो तोच त्याच्या तळहाताचा एक लहानसा दाब छातीवर आला, आणि मी पाण्याच्या टाकीला जाऊन टेकलो. त्याला धापही लागली नव्हती.

ताई ची म्हणजे बागेत संथपणे हात हलवणारी म्हातारी माणसे, एवढेच आपण चित्रात पाहिलेले असते. ते अर्धेच. उरलेले अर्धे दोघांनी मिळून करायचे असते; त्याला चिनी भाषेत 'थुइ शौ' म्हणतात, म्हणजे हात ढकलणे. नाव ढकलण्याचे असले तरी शिकवण आधी ऐकण्याची. समोरच्याच्या मनगटाला आपला हात नुसता चिकटवून ठेवायचा आणि त्याचा जोर कुठून निघाला, कुठे निघाला, वजन कोणत्या पायावर आहे, हे त्वचेने ओळखायचे. या ओळखण्याला त्यांचा शब्दच 'ऐकणे' असा आहे. मग आलेला जोर वाट देऊन जिरवायचा. तो रिकामा होऊन माणूस आपणहून मागे सरू लागला, की तो जिकडे निघालाच आहे तिकडेच त्याला पाठवायचे. हा शेवटचा दाब दंडातून येत नाही. तळपायातून निघतो, कमरेतून वळतो आणि हातातून फक्त बाहेर पडतो. नुसत्या दांडगाईच्या ताकदीला ते 'ली' म्हणतात आणि या मुरलेल्या ताकदीला 'चिन'. 'मुरलेली' हा शब्द माझा. लोणच्याला जो वेळ लागतो तो हिला लागतो, म्हणून.

ही विद्या हेनान प्रांतातल्या छन घराण्याच्या गावची. परंपरा तिचे जनकत्व छन वांगथिंग याला देते. मिंग राजवट १६४४ मध्ये कोसळली त्या धामधुमीतला हा माणूस. म्हणजे शिवाजी महाराज १६६४ च्या जानेवारीत सुरतेवर आले, त्याच शतकातली ही गोष्ट. पुढे यांग लुछान (१७९९–१८७२) हा घराण्याबाहेरचा माणूस ती शिकला आणि पेकिंगला घेऊन गेला. त्याच्याबद्दल सांगतात, की तळहातावर पाखरू ठेवले तर ते उडू शकत नसे. उडण्यासाठी पाखराला पायाने रेटा द्यावा लागतो. तो रेटा निघताच याचा तळवा तेवढाच खाली जाई. गोष्ट खरी असेल-नसेल, पण सांगणाऱ्याला विद्या कळली होती हे नक्की.

इथे आपल्याकडची काही मंडळी लगेच बोधिधर्माला पुढे करतात. तो दक्षिण भारतातून गेला, त्याने चिन्यांना लढायला शिकवले, तेव्हा हे मूळचे आपलेच. मलाही हे आवडले असते. पण बोधिधर्म आणि व्यायाम यांची जोडी लावणारा चिनी ग्रंथ सतराव्या शतकातला, त्याच्यानंतर हजारएक वर्षांनी लिहिलेला आहे. दोन पाय आणि एक कंबर घेऊन उभा राहणारा माणूस जिथे जिथे झोंबला, तिथे तिथे त्याला हे सापडले असणार. आपल्यालाही सापडले होते.

कुस्ती लागते तेव्हा सुरुवातीला जी खडाखडी चालते, ती पाहुण्या प्रेक्षकाला कंटाळवाणी वाटते. एक हात मानेवर, दुसरा कोपरापाशी, आणि दोघे नुसते हिसडे देत फिरतात. पण सारा हिशेब तिथेच होतो. धोबीपछाड घ्या. समोरचा रेटून अंगावर येत नसेल तर तो डाव बसत नाही. येत असेल तर त्याचा हात खांद्यावर घेऊन कंबर वळवून खाली जायचे, पुढचे काम त्याचे वजनच करते. आमचे वस्ताद पोरांच्या डोळ्यांवर पंचा बांधून खडाखडी करायला लावीत. ज्याला समोरच्याचा पाय दिसल्यावाचून कळत नाही, त्याला ते पुढचा डाव शिकवीत नसत.

या विद्येची कागदपत्रेही जुनी आहेत. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराने ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' रचला. त्यात मल्लांच्या प्रती, त्यांचा खुराक, त्यांची मेहनत असे सगळे आहे. ते कल्याणी म्हणजे बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण. सीमाभागातल्या वाचकाला वेगळे सांगायला नको. गुजरातेत मोढेऱ्याकडच्या ज्येष्ठीमल्लांचे 'मल्लपुराण' आहे. ते सांडेसरा आणि मेहता यांनी संपादून १९६४ मध्ये बडोद्याहून छापले. बडोदे हे तर या बाबतीत आपले माहेर. जुम्मादादांच्या आखाड्यात राजरत्न माणिकरावांनी (१८७८–१९५४) पिढ्या घडवल्या. हाडे बसवण्यातही त्यांचा लौकिक मोठा. मला यात आश्चर्य वाटत नाही, दोन्हीकडे बोटांनाच दिसावे लागते. त्यांच्याच आखाड्यातून प्रेरणा घेऊन छोटुभाई आणि अंबुभाई पुराणी या बंधूंनी गुजरातेत व्यायामशाळा पसरवल्या. त्यातले अंबुभाई जन्माने सुरतेचे, १८९४ चे. मराठी आखाडा गुजराती झाला तो असा, आणि त्याचे कुणाला वाईट वाटले नाही.

त्याच बडोद्याहून करंदीकर-मुजुमदारांनी १९३६ ते १९४९ या काळात 'व्यायाम ज्ञानकोश' दहा खंडांत काढला. एवढे प्रचंड काम आज एखादे विद्यापीठही हाती घेणार नाही. पण छापील पान डावाचा हात कुठे, पाय कुठे, हे सांगते. तो हात कोणत्या क्षणी सैल सोडायचा ते सांगत नाही. मल्लखांबाचेही तसेच. बाळंभट दादा देवधरांनी दुसऱ्या बाजीरावाच्या काळात त्याला नवे जीवन दिले, पकडी पक्क्या झाल्या, अंग लवचिक झाले. खांब मात्र उलट रेटत नाही.

चिन्यांनी निराळे केले. ऐकण्याचा हा भाग त्यांनी हारजितीतून सोडवून घेतला. १९५६ मध्ये सरकारने चोवीस हालचालींचा सोपा क्रम बसवला, ताई ची बागेत आली, आणि दुसरीकडे हातांचा अभ्यासही चालू राहिला. त्याला वयाची अट नाही. २०२० मध्ये युनेस्कोच्या यादीत तिचे नाव गेले. आपल्याकडे हे शहाणपण कुस्तीच्या पोटातच राहिले. पस्तिशीत गुडघा गेला, की पैलवान हौदाबाहेर. मग फेटा, मैदानातली खुर्ची आणि वाढत गेलेले अंग. हातांना जे कळते त्याला त्यानंतर कुणी विचारीत नाही.

गेल्या उन्हाळ्यात भाच्याला घेऊन गावी गेलो होतो. वस्ताद आता ऐंशीच्या पुढे आहेत, मोतीबिंदूने दिसणे कमी झालेले. ओट्यावर बसले होते. भाचा पाया पडला. मी काय आहे ते सांगितले. त्यांना धरून उभे केले, भाच्याने मनगट टेकवले. बराच वेळ दोघांचे हात नुसते फिरत राहिले; मला वाटले, म्हातारबोवांना काही कळलेले दिसत नाही. मग भाचा एकदम अर्धे पाऊल मागे गेला. वस्ताद जागचे हललेही नव्हते.

"डाव्या टाचेवर बसतोस तू," ते म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "तिकडे म्हातारे पण करतात हे?"

"मुख्य म्हणजे म्हातारेच करतात, वस्ताद."

त्यांनी हात काढून घेतला नाही.